नाचणी, मुंग्या आणि आमच्या शेळ्या

दिवेलागणीच्या आधी आमच्या वाडीवर एक गलका उठायचा. आधी वरच्या कड्याकडून गळ्यातल्या घुंगरांचा आवाज झिरपत यायचा, मग बाबांची लांबलचक हाळी, मग दगडांवर पडणाऱ्या खुरांची टपटप, आणि शेवटी शेळ्यांच्या वाड्याच्या दाराशी एकच हलकल्लोळ. त्या वेळी आई चुलीवरचं काहीही असो, त्यावर झाकण ठेवून बाहेर धावायची. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या एका सपाट खांद्यावर आमची पाचसहा घरं. उतारावर नाचणी आणि वरी, घरामागे दोन म्हशी, आणि शेळ्यांसाठी छातीभर उंचीची दगडी भिंत घालून केलेला वाडा. भिंतीवर करवंदीच्या काट्या रचलेल्या. आत शिरायला एकच दार, तेही इतकं अरुंद की दोन शेळ्या अंग चोरून एकदम जातील, तिसरी घुसली की तिघीही अडकतील. दार अरुंद ठेवायला कारण होतं. बिबट्याचा वावर होता आणि कुडाचा झापा पटकन ओढून बंद करता आला पाहिजे, असं बाबा म्हणत. पण आत आईने कोंडा आणि मीठ टाकून ठेवलेलं असे, त्यामुळे प्रत्येक शेळीला आधी मीच जाणार असं वाटे. मग दारात शिंगांत शिंगं, पोटाला पोट, मागून बाबांची काठी आणि पुढून आई कुणाचं तरी शिंग धरून ओढते आहे, असा रोजचा देखावा. मागून जितकं हाकावं तितक्या त्या जास्त घट्ट बसत. मी सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी मोरी नावाची आमची गाभण शेळी त्या चेंगराचेंगरीत दगडी चौकटीला दाबली गेली आणि गाभडली. दोन करडं गेली. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. नुसतं ताक प्यायले आणि ओट्यावर बसून राहिले.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते. आठवडाभर आत्याकडे राहायचं आणि शनिवारी एस.टी.ने पोलादपूर गाठून डोंगर चढायचा. आत्याचं घर चवदार तळ्याच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. तिचे मालक औद्योगिक वसाहतीत कामाला. त्यांची पाळी बदलली की आमच्या घरातलं सगळंच बदलायचं. ते झोपलेले असले की भांड्याला भांडं लागता कामा नये. मला अजूनही भांडी घासताना आवाज करायचा धीर होत नाही, माझी सून यावरून मला हसते. आत्याच्या हातचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी यांची चव मला पुढे कुठेच मिळाली नाही. स्वभावाने ती तोंडाळ पण मायाळू. बाबांची थोरली बहीण असल्याने घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिचा शब्द शेवटचा असे. माझ्यासाठी स्थळ तिनेच आणलं होतं. शेजारच्या खोऱ्यातलं घर, मुलगा मुंबईला नोकरीला. मुलाचा बाप आणि काका दोनदा आत्याकडे येऊन चहा पिऊन गेले होते. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली की उरकायचं, असं सगळ्यांचं ठरल्यासारखं होतं. मुलगा वाईट नव्हता. माझी तक्रारही काही नव्हती, कारण त्यापलीकडे काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

पदार्थविज्ञान घेतलेल्या आम्ही वर्गात दोनच मुली, आणि शिकवायला जोगळेकर मॅडम. वय तिशीच्या आसपास, पुण्याच्या, बोलताना हात फार हलवायच्या. महाडला नोकरी करता करता त्या पीएच.डी.चं काम करत होत्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांनी एक पेटी उभी केली होती. पुढून काच, तळाला भोक. वरून दाणे ओतायचे आणि ते खाली कसे पडतात ते पाहायचं. एवढंच. शिपाई म्हणायचा, मॅडम गिरणी काढणार. मॅडमना अगदी गोल, बारीक आणि एकसारखे दाणे हवे होते. वाळू चालत नव्हती, मोहरी महाग पडत होती. मी घरून पिशवीभर नाचणी आणून दिली. त्या दिवशी त्या इतक्या खूश झाल्या की मला चहा पाजला, आणि तेव्हापासून कॉलेज सुटल्यावर मी त्या पेटीपाशीच असायची.

नाचणी खाली पडताना आधी पाण्यासारखी वाहते. मग मध्येच थांबते. भोक मोकळं, वर दाणे भरपूर, तरी एक दाणा पडत नाही. काचेला नाक लावून पाहिलं की कळतं, भोकाच्या वर चारपाच दाण्यांनी एकमेकांना खांदे लावून कमान केलेली असते. वरून दाबलं की कमान आणखी घट्ट होते. टिचकी मारली की मोडते. मॅडमनी एक गंमत दाखवली. भोकाच्या थोडं वर, मधोमध, एक जाड खिळा आडवा बसवला. वाटेतच अडथळा. मला वाटलं आता तर दाणे पडायचेच नाहीत. पण नाचणी अडकायची कमी झाली. खिळा वरचा भार स्वतःवर घेतो, म्हणून भोकापाशी दाटी होत नाही, असं मॅडमनी समजावलं. हे धान्याच्या कोठारात होतं, हे लोकांना माहीत होतं. मॅडमना कळून घ्यायचं होतं ते वेगळंच. निर्जीव दाणा आणि जिवंत प्राणी एकाच नियमाने हलतात का? दाण्याला मन नाही, भूक नाही, घाई नाही. ज्यांना हे सगळं आहे त्यांचं काय? त्यांनी दोन काचांमध्ये मुंग्या सोडून पाहिलं होतं. मुंग्यांनी त्यांची निराशा केली. त्या कधी अडकल्याच नाहीत. दारात गर्दी झाली की मुंगी थांबते, मिशा लावून चौकशी करते आणि चक्क मागे सरते.

मी तेव्हा सहज म्हणाले की आमच्या शेळ्या असल्या शहाण्या नाहीत, त्या रोज अडकतात. मॅडम हातातला डबा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी मला शेळ्यांबद्दल इतकं विचारलं की शेवटी मीच हसायला लागले. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं सोडून त्या आमच्या वाडीवर यायला निघाल्या.

शेळ्यांचं चित्रण करायला कॅमेरा हवा होता. महाडात तो फक्त लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे. शेखर त्याचं नाव. तो म्हणाला, कॅमेरा एकटा कुठे जात नाही, मी जिथे तो तिथे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नं नव्हती, म्हणून तोही मोकळाच होता. असे आम्ही तिघं पोलादपूरहून डोंगर चढलो. मॅडमच्या पायात नवे बूट, शेखरच्या डोक्यावर कॅमेऱ्याची पेटी, आणि तो दर वळणावर थांबून विचारायचा की नवरदेव अजून किती लांब आहे.

आईने ओटा सारवून ठेवला होता. एवढ्या शिकलेल्या बाईला काय खायला घालावं याचा तिने आठवडाभर घोर घेतला होता. करंज्या केल्या होत्या, पण मॅडमनी चुलीजवळ बसकण मारून नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं मागून घेतलं. त्या मासे खात नाहीत म्हणून आई सुकट मागच्या पडवीत भाजायची, आणि वास सगळीकडे जायचा तो जायचाच. शेखर मात्र वासामागे पडवीत जाऊन बसायचा. मॅडम रात्री घोंगडी पांघरून माझ्या शेजारी झोपायच्या आणि पहाटे म्हशींच्या धारा काढण्याचा आवाज आला की उठून बसायच्या. दुधाची धार भांड्यात पडताना आवाज आधी पातळ आणि मग जाड का होतो, हे त्यांनी आईला विचारलं. आईने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि धार काढत राहिली.

पहिले काही दिवस नुसतं पाहायचं ठरलं. पेंढा रचायच्या उंच लाकडी मांडवावर शेखरला चढवलं. तिथून वाड्याचं दार बरोबर खाली दिसे. शेळ्या आल्या की तो सवयीने म्हणे, जरा सावकाश, सगळ्यांनी इकडे बघा. शेळ्या नेहमीसारख्या अडकल्या, मॅडम आनंदाने टाळ्या वाजवू लागल्या, आणि बाबा काठी टेकून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या घरची रोजची पीडा बघून कुणाला आनंद होईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मग खांबाची गोष्ट निघाली. दाराच्या थोडं अलीकडे, मधोमध एक खांब रोवायचा. मॅडमनी विचारलं तेव्हा बाबा काठी घेऊन कड्याकडे निघून गेले. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “दार आधीच लहान हाय. त्याच्या तोंडात खांब घालून कसं चालेल, गो? मोरी पुन्हा गाभण हाय. तुझ्या कालेजाला काय, दोन दिवसांत निघून जातील.”

मी पेटीतली नाचणी सांगून पाहिली. ते म्हणाले, नाचणीला पोट नाय. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःच तोड काढली. गाभण शेळ्या आधी वेगळ्या आत घ्यायच्या, आणि एकीला जरी खरचटलं तरी खांब त्याच क्षणी उपटायचा. बाबांनी हे ऐकून घेतलं, बराच वेळ तंबाखू मळली, आणि मग स्वतःच ऐनाचा एक सरळ वासा घेऊन आले. खड्डाही त्यांनीच खणला. दुसऱ्याने खणला तर पक्का बसणार नाही, असं म्हणाले.

आता सांगायला हसू येतं, पण त्या खांबाने पहिल्या संध्याकाळी आमची पुरती फजिती केली. शेळ्या आल्या, खांब पाहिला आणि थांबल्या. सगळ्या. एक पुढे झाली, वास घेतला, आणि अंग घासायला लागली. ऐनाची साल खरखरीत. तिला फार सुख झालं असावं. मग दुसरी आली. थोड्या वेळात खांबाभोवती खाजवून घ्यायला रांग लागली, दार मोकळं पडलं आणि आत कोंडा तसाच. शेखर वरून ओरडला की एवढी टेप नाही माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खांबाशिवाय जितका वेळ लागत होता त्याहून जास्त लागू लागला. मॅडम आधी हसल्या, मग त्यांचं हसू ओसरलं. तिसऱ्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्या मला म्हणाल्या, “सुमन, मी प्राण्यांना दाणे समजत होते. नाचणीला खाज सुटत नाही, हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं.”

त्यांना वाईट वाटलं होतं आणि तरी त्या हे प्रामाणिकपणे बोलत होत्या, हे मला फार आवडलं. चुकल्यावर असंही बोलता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं, मोठमोठी माणसं पाहिली. ती सगळीच असं बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत जायचं म्हणून मॅडमनी सामान बांधलं होतं. खांब काढून टाकू, असंही त्या म्हणाल्या. पण दुपारपासून प्रतापगडाच्या बाजूने ढग काळे होत आले. ऑक्टोबरचा पाऊस येतो तो कुणाला विचारून येत नाही. आई वाळत घातलेली नाचणी गोळा करत होती, मी आणि मॅडम तिला मदत करत होतो, आणि शेखर कॅमेऱ्यासाठी कांबळं शोधत होता. तेवढ्यात डोक्यावरच वीज कडाडल्यासारखा आवाज झाला. कड्यावर चरणाऱ्या शेळ्या बिथरल्या. वेगळ्या काढायला, हाकायला, कशालाच वेळ नव्हता. गाभण, बिनगाभण, करडं, बोकड, सगळा कळप डोंगर उतरून घराकडे सुटला. इतकं वेगाने येताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाबा खूप मागे होते, पळत, हाका मारत. त्यांच्या हाका फक्त एवढ्याच ऐकू येत होत्या, “खांब काढ, गो, खांब काढ.”

मी धावले. खांबाला दोन्ही हातांनी धरून हिसडे दिले. बाबांनी तो असा पक्का रोवला होता की हलेना. मागून मॅडम आल्या, त्यांनीही जोर लावला. मग कळप इतका जवळ आला की आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मला मोरी दिसली. कळपाच्या ऐन मध्ये, पोट दोन्हीकडून हेलकावे खात. मी डोळे मिटून घेतले नाहीत, एवढंच मला आठवतं.

कळप खांबावर आदळला आणि फुटला. अर्धा डावीकडून, अर्धा उजवीकडून. त्या दिवशी खाजवायला कुणी थांबलं नाही. दोन्हीकडून येणाऱ्या शेळ्या दारापाशी वेणीच्या पेडांसारख्या आळीपाळीने आत शिरत होत्या, एक इकडची, एक तिकडची. एकदाच अडकल्यासारखं झालं आणि आपोआप सुटलं. सगळा रेटा तो खांब सोसत होता. दारापाशी जी दाटी मी लहानपणापासून पाहत आले होते ती झालीच नाही. मोरी खांबाच्या उजव्या बाजूने आली, जरा अडखळली, आणि चौकटीला न लागता आत गेली. मग पावसाची सर कोसळली. बाबा धापा टाकत आले तेव्हा आई झापा ओढत होती. त्यांनी आत जाऊन मोरीच्या पोटावर हात फिरवला, पायांवर फिरवला, पुन्हा पोटावर फिरवला. बाहेर येऊन भिजत खांबापाशी उभे राहिले. मॅडमही तशाच भिजत उभ्या होत्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसत सुटलो. त्या धांदलीत शेखर मांडवावर होता की नाही, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. तो होता. कांबळं डोक्यावर घेऊन त्याने सगळं टिपलं होतं. खाली उतरल्यावर त्याने एवढंच विचारलं की आता चहा मिळेल का.

ती टेप पाहायला आठवड्याने सगळे आत्याकडे जमलो. व्हीसीआर भाड्याने आणला होता. आळीतल्या बायकांना वाटलं आमच्याकडे कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट लागते आहे, म्हणून त्याही येऊन बसल्या आणि शेळ्या पाहून उठल्या नाहीत. बाबा बाजाराच्या निमित्ताने खाली आले होते. मॅडम टेप थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत आणि सांगत. शांतपणे येऊन खांबापाशी थांबणाऱ्या शेळ्या आपल्या मनाने चालतात, तेव्हा त्यांना दाण्यांचा नियम लागू पडत नाही. भीतीने धावणाऱ्या शेळ्यांचं मन बाजूला पडतं, आणि मग त्या नाचणीसारख्या वाहतात. म्हणजे प्रश्न जिवंत की निर्जीव असा नसून घाई किती आहे असा आहे. एका दिवसावरून एवढं म्हणता येत नाही, अजून पुष्कळ पाहायला हवं, हेही त्यांनी लगेच सांगितलं. ते पुष्कळ पाहण्यातच माझी पुढची सगळी वर्षं गेली.

बाबा सगळं ऐकून घेत होते. टेप संपल्यावर बायका उठल्या, आत्या पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि सवयीने स्थळाचा विषय काढला. मुलाकडची मंडळी विचारत होती, मार्गशीर्षात सुपारी फोडायची का. बाबांनी बशी तशीच मांडीवर ठेवली आणि मॅडमना विचारलं, “मॅडम, हे पुरतं शिकायला आणखी किती वर्सं लागतात?”

मॅडम म्हणाल्या की एम.एस्सी.ची दोन, त्यासाठी मुंबईला किंवा पुण्याला जावं लागेल. आणि त्यानंतरची कुणीच सांगू शकत नाही.

बाबांनी मान हलवली. बराच वेळ ते पोहे चिवडत होते. मग आत्याकडे न बघताच म्हणाले, “अक्का, त्यांना सांग, यंदा नाय.”

“यंदा नाय, मग पुढल्या साली म्हणून सांगू?”

“ते मला कशाला इचारतेस. तिला इचार.”

आत्याचे मालक पाळीवरून येऊन दारात चपला काढत होते, ते तसेच थांबले. आत्या माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत तिच्यापुढे मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि तिनेही मला कधी काही विचारलेलं नव्हतं. मी म्हणाले, “आत्ये, मला पुढं शिकायचंय.” एवढंच वाक्य. ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते कधीपासून आत तयार होतं.

आत्याने बशी खाली ठेवली. मला वाटलं आता आकाश कोसळणार.

“मग आधी नाय का बोलायचंस, गो,” ती म्हणाली. “त्या माणसांना मी दोन खेपा उगाच चहा पाजला.” आणि मॅडमच्या बशीत आणखी पोहे वाढू लागली.